ग्राफिक्स एपीआय बदलायचा आहे: व्हल्कन, मेटल, डायरेक्टएक्स की वेबजीपीयू?

महापेकर

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

महापे एमआयडीसीत आमचं चार जणांचं छोटं दुकान आहे. बिल्डरांच्या सेल्स ऑफिससाठी थ्रीडी वॉकथ्रू बनवतो. घोडबंदर रोडला किंवा उलव्याला जिथे अजून पायाचा खड्डाच खणलाय, तिथे गिऱ्हाइकाला तेविसाव्या मजल्यावरच्या टू बीएचकेत फिरवून आणायचं, गॅलरीतून खाडी दाखवायची, फरशी आणि भिंतीचा रंग बदलून बघू द्यायचा. इंजिन (चित्र रंगवणारा मूळ प्रोग्रॅम) घरचंच आहे: सी प्लस प्लस आणि ओपनजीएल ३.३, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काय रंगवायचं ते सांगायचा एपीआय, आज्ञांचा ठरलेला संच. सेल्स ऑफिसातल्या विंडोजच्या टचस्क्रीनवर ते व्यवस्थित चालतं, आजवर तक्रार नाही.

आता मागण्या वाढल्यात. सेल्सच्या मुलांना हातात आयपॅड घेऊन फिरायचंय. एका बिल्डरचा मुलगा मॅकबुक घेऊन आला आणि त्यावर आमची बिल्ड रखडली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "दुबईतल्या मेहुण्याला व्हॉट्सॲपवर लिंक टाका, तो तिथूनच फ्लॅट बघेल." मेहुण्याकडे कुठला फोन आहे, देव जाणे.

म्हणजे ओपनजीएल सोडायचं हे नक्की. जायचं कुठे यावर ऑफिसात रोज जेवणाच्या सुट्टीत वाद. एक म्हणतो व्हल्कन, दुसरा म्हणतो सगळं फेकून तयार इंजिन घ्या, तिसरी म्हणते थांबा, ब्राउझरमध्ये चालणारं वेबजीपीयू आलंय. चौथा मी, आणि बिल्डरचे फोन मलाच येतात. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

मितवा

रुमाल टाकून ठेवतो.

केदार_कोपरी

व्हल्कन. धागा बंद करायला हरकत नाही. :)

बरं, सविस्तर. ओपनजीएलची शेवटची आवृत्ती ४.६, ती २०१७ ची. त्यानंतर क्रोनोसने, म्हणजे ओपनजीएल सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या गटाने, सगळा जोर व्हल्कनवर लावलाय. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे ते आहे, आणि ॲपलवर मोल्टनव्हीके वापरून ॲपलच्या स्वतःच्या मेटलच्या डोक्यावर चालतं. स्टीम डेकवर (लिनक्सवर चालणारं हातातलं गेम यंत्र) विंडोजचे गेम चालतात ते डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉनमुळे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सच्या हाका व्हल्कनमध्ये फिरवून. आता तर मेसामध्ये (लिनक्सवरचं ग्राफिक्सचं खुलं सॉफ्टवेअर) झिंक आहे, म्हणजे खुद्द ओपनजीएलच व्हल्कनवर चालतं. अजून किती पुरावे हवेत?

जुनी_खाट

केदार, धागा इतक्यात बंद करू नका, आमच्यासारख्यांना तेवढाच विरंगुळा आहे.

हा वाद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नवी मुंबईत सेंट्रल पार्क वगैरे काही नव्हतं. ओपनजीएल १९९२ चं, सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने आपल्या आयरिस जीएलवरून काढलेलं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट३डी (डायरेक्टएक्सचा थ्रीडी भाग) आलं आणि त्यात एक त्रिकोण काढायचा तर एक्झिक्यूट बफर नावाचं प्रकरण हाताने भरावं लागायचं. क्वेक गेमच्या जॉन कारमॅकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीरपणे लिहिलं की मी क्वेकसाठी ओपनजीएलच वापरणार. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. पण पुढच्या चार-पाच वर्षांत मायक्रोसॉफ्टने दर आवृत्तीत चुका सुधारल्या. २००० च्या डायरेक्टएक्स ८ मध्ये प्रोग्रॅम करता येणारे शेडर (रंग-प्रकाशाचा हिशेब करणारे ग्राफिक्स चिपवरचे छोटे प्रोग्रॅम) आले, आणि विंडोजवरचे बहुतेक गेम तिकडे गेले. मधल्या काळात मायक्रोसॉफ्ट आणि सिलिकॉन ग्राफिक्सने मिळून फॅरनहाइट नावाचा एकच एपीआय करायचं ठरवलं होतं, ते बारगळलं.

तिसरा भिडू होता ३डीएफएक्सचा ग्लाइड. तेव्हा सगळ्यात जलद, सगळ्यात सोपा. फक्त त्यांच्याच कार्डावर चालायचा. २००० च्या अखेरीस कंपनीचा गाशा गुंडाळला, मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. ज्यांनी फक्त ग्लाइडवर लिहिलं होतं त्यांचा कोड कार्डांबरोबरच गेला.

तेव्हा महापेकर, कुठला एपीआय "चांगला" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचा ड्रायव्हर (एपीआय आणि कार्ड यांच्यातलं सॉफ्टवेअर) कोण लिहितो, आणि ते लिहीत राहण्यात त्याचा काय स्वार्थ आहे, एवढं बघा. ॲपलचा स्वार्थ मेटलमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचा डायरेक्टएक्समध्ये. ब्राउझरवाल्यांचा वेबजीपीयूमध्ये. ओपनजीएलमध्ये आज कुणाचाच नाही, म्हणून तुमच्या मॅकवर ते रखडतंय.

खारघरी

जुनी खाट काकांना शंभर टक्के अनुमोदन. मॅकचा भाग मी सांगतो, पोटापाण्यासाठी तेच करतो.

मॅकवर ओपनजीएल ४.१ वर थांबलंय. २०१८ च्या मोहावेमध्ये ॲपलने त्याला अधिकृतपणे निवृत्त केलं. काढून टाकलेलं नाही, पण नवीन काही येणारही नाही. ४.१ म्हणजे कंप्यूट शेडर (चित्राशिवायचे हिशेब ग्राफिक्स चिपवर करणारे) नाहीत, ते ४.३ मध्ये आले. आणि तुमच्या कामाचं म्हणजे ग्लक्लिपकंट्रोल, म्हणजे डेप्थ मोजायची पद्धत बदलायची सोय, नाही, ते ४.५ मधलं. फ्लॅटच्या वॉकथ्रूमध्ये हे कुठे टोचतं सांगतो. जवळ सोफा, लांब खाडीपलीकडचे डोंगर, दोन्ही एकाच दृश्यात. ओपनजीएलची खोली (डेप्थ, म्हणजे वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब) उणे एक ते अधिक एक अशी मोजली जाते, त्यात लांबच्या वस्तूंना अचूकता उरत नाही. मग समोरच्या टॉवरच्या खिडक्यांच्या चौकटी भिंतीत शिरल्यासारख्या लुकलुकतात. मेटल, डायरेक्ट३डी आणि व्हल्कनमध्ये खोली शून्य ते एक असते. तिथे जवळचं टोक एक आणि लांबचं शून्य असं उलटं धरलं आणि फ्लोटिंग पॉइंटचा डेप्थ बफर (ही अंतरं साठवायची जागा) घेतला की लुकलुक जवळजवळ जाते.

मेटल २०१४ मध्ये आयफोनवर आलं, २०१५ मध्ये मॅकवर. लिहायला व्हल्कनपेक्षा खूपच सुटसुटीत. एक्सकोडमध्ये (ॲपलचं प्रोग्रॅमिंगचं साधन) फ्रेम पकडून प्रत्येक ड्रॉ कॉल (एक वस्तू रंगवायची आज्ञा) उघडून बघता येतो. तोटा उघड आहे, कुंपणाबाहेर त्याचा उपयोग शून्य.

महापेकर

खारघरी, ती खिडक्यांची लुकलुक आमच्याकडे आहे! आम्ही जवळची मर्यादा (ज्याच्या अलीकडचं रंगवायचंच नाही ते अंतर) दहा सेंटीमीटरवरून तीस सेंटीमीटर करून वेळ मारून नेली होती. मग गिऱ्हाईक किचनच्या ओट्याजवळ गेलं की ओटाच कापला जातो आणि आतलं पोकळ कपाट दिसतं.

केदार, व्हल्कनबद्दल एक शंका. फरशी बदलली की आत्ता काही होत नाही. पण व्हल्कनवर गेल्यावर असे क्षण अडखळतात असं ऐकलंय. खरं आहे का?

केदार_कोपरी

अडखळणं व्हल्कनचं नाही, लिहिणाऱ्याचं. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये शेडर, ब्लेंडिंग, व्हर्टेक्सची (कोपऱ्यांच्या बिंदूंची) मांडणी सगळं मिळून एक पाइपलाइन आधीच बनवून ठेवायची असते. जी लोड करताना बनवली नाही ती चालू खेळात बनवावी लागते आणि तिथे झटका बसतो. ओपनजीएलमध्ये हेच काम ड्रायव्हर तुम्हाला न सांगता करतो, कधी करेल ते तुमच्या हातात नाही. तुमच्याकडे मटेरियल ठरलेली आहेत: इटालियन मार्बल, व्हिट्रिफाइड, लाकडी. सगळ्या पाइपलाइन सुरुवातीला बनवून डिस्कवर कॅश ठेवा, विषय संपला. २०२२ च्या व्हल्कन १.३ पासून डायनॅमिक रेंडरिंग गाभ्यात आलंय, त्यामुळे रेंडर पासचा (रंगकामाच्या एकेका फेरीचा) जुना पसाराही कमी झालाय.

आणि व्हॅलिडेशन लेयर! चूक केलीत तर नेमकी कुठे, स्पेसिफिकेशनच्या कुठल्या नियमाची, ते लिहून येतं. ओपनजीएलमध्ये काळा पडदा बघत बसायचं.

वागळेवाला

मी वागळे इस्टेटमध्ये सॉफ्टवेअरचंच छोटं युनिट चालवतो. तुम्ही सगळे हुशार लोक आहात, पण पगार कुणी मोजतोय का? व्हल्कन म्हणजे बेअर शेल ताबा. बिल्डर भिंती आणि स्लॅब देतो, नळजोडणीपासून वायरिंगपर्यंत सगळं तुमचं. एक त्रिकोण पडद्यावर आणायला हजारेक ओळी, आणि मेमरीचं वाटप, जीपीयू (ग्राफिक्स चिप) आणि सीपीयूचा ताळमेळ सगळं हाताने. चार माणसांत एक माणूस कायमचा त्यातच जाणार. तो सोडून गेला की? नवी मुंबईत वेबचा डेव्हलपर हाकेसरशी मिळतो. व्हल्कन येणारा माणूस शोधून दाखवा आणि मला पण कळवा.

तयार इंजिनाचा विचार का नाही करत?

महापेकर

केलाय. अनरियलचं चित्र अफाट सुंदर येतं, वादच नाही. परवानाही आम्हाला परवडेल, गेमशिवायच्या कामासाठी दहा लाख डॉलरच्या वर उलाढाल असेल तरच सीटचे पैसे आहेत आणि तिथवर पोचायला आम्हाला अजून बरेच टॉवर लागतील. पण वेबवर निर्यात त्यांनी कधीच बंद केली. पिक्सेल स्ट्रीमिंग आहे, म्हणजे सर्व्हरवर जीपीयू भाड्याने घ्यायचा आणि मेहुण्याला नुसता व्हिडिओ पाठवायचा. रविवारी संध्याकाळी चाळीस मेहुणे एकदम आले तर? बिल्डर एका लिंकचे पैसे द्यायला कुरकुरतो.

युनिटी वेबवर चालतं. पण २०२३ मध्ये त्यांनी दर इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, आरडाओरडा झाल्यावर नियम बदलले आणि २०२४ मध्ये ती पूर्ण मागे घेतली. मागे घेतली हे चांगलंच. पण दोन पार्टनरांपैकी एकाच्या मनातून ते उतरलं ते उतरलंच.

सानिका_नेरूळ

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा वाचून डोकं गरगरलं. मला गेम प्रोग्रॅमिंगमध्ये जायचंय. ओपनजीएल निवृत्त झालंय तर थेट व्हल्कनपासून सुरुवात करू का?

जुनी_खाट

सानिका, नको गं. मॅट्रिक्स, प्रकाशाचं गणित, टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं), डेप्थ हे सगळीकडे तेच आहे. ते आधी ओपनजीएल ३.३ मध्ये किंवा वेबजीपीयूमध्ये शिक, जिथे संध्याकाळी बसलीस तर रात्री काहीतरी फिरताना दिसतं. मग व्हल्कन उघड, तेव्हा कळेल की ड्रायव्हर इतकी वर्षं तुझ्या मागे काय काय आवरत होता. आणि रेंडरडॉक वापरायला आजच शीक, फुकट आहे. मुलाखतीत "फ्रेम उघडून चूक कशी शोधलीस" हे सांगता आलं तर समोरचा माणूस सरसावून बसतो.

सानिका_नेरूळ

धन्यवाद काका! रेंडरडॉक मेटलवर चालतं का? माझ्याकडे मॅक आहे.

खारघरी

नाही. व्हल्कन, डायरेक्ट३डी ११ आणि १२, ओपनजीएल एवढंच. मॅकवर एक्सकोडचं हत्यार वापर, ते त्याच तोडीचं आहे.

निळाई

उशिरा आले, ऐरोलीहून घरी पोचेपर्यंत नऊ वाजले. ट्रान्स-हार्बरबद्दल बोलायला वेगळा धागा काढावा लागेल.

मी मोबाइल गेमवर काम करते. सगळे एपीआयची नावं घेताय, पण फोनचा जीपीयू मुळात वेगळ्या पद्धतीने चालतो हे कुणी सांगितलं नाही. माली, ॲड्रिनो, पॉवरव्हीआर, ॲपल, सगळ्यांत पडदा छोट्या चौकोनांत कापून प्रत्येक चौकोन चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत रंगवतात आणि मग बाहेरच्या मुख्य मेमरीत नेऊन ठेवतात. हे ने-आण करणं सगळ्यात महाग. फोन तापतो तो यामुळे. व्हल्कन आणि मेटलमध्ये प्रत्येक पासच्या सुरुवातीला आणि शेवटी विचारतात: जुनं आत आणू का? झालेलं बाहेर ठेवू का? डेप्थ बफर फ्रेम संपल्यावर कुणाला लागतो? नाही लागत. तर "ठेवू नका" म्हणा. आमच्या एका दृश्यात एवढा एकच पर्याय बदलला आणि स्वस्तातला फोन हातात धरवेनासा व्हायचा तो थांबला. ओपनजीएल ईएसमध्ये (फोनवरच्या ओपनजीएलमध्ये) हेच ग्लइनव्हॅलिडेटफ्रेमबफरने करता येतं, पण तिथे ते कुणी विचारत नाही म्हणून सगळे विसरतात.

आता केदारच्या "अँड्रॉइडवर सगळीकडे व्हल्कन" बद्दल. अँड्रॉइड ७ पासून आहे, बरोबर. २०२५ मध्ये गूगलने व्हल्कन हाच अँड्रॉइडचा अधिकृत ग्राफिक्स एपीआय म्हणून जाहीर केलाय, तेही बरोबर. पण आपल्याकडे फोन चार-पाच वर्षं वापरतात आणि बहुतेक स्वस्त फोनांत ड्रायव्हर विकत घेतला तेव्हाचाच राहतो. कागदावर एक्स्टेंशन (एखादी जास्तीची सोय) आहे, वापरलं की चित्रात जांभळे ठोकळे. आमच्याकडे अशा फोनांची यादीच आहे, त्यावर गपचूप ओपनजीएल ईएसवर उतरतो.

महापेकर, तुमचं ॲप अँड्रॉइडवर नाहीच ना? फक्त लिंक? मग हे सगळं ब्राउझरच्या पोटात जाईल, तुम्ही सुटलात. क्रोमने ही भांडणं अँगल आणि डॉन या आपल्या आतल्या ग्राफिक्स थरांत आधीच सोडवून ठेवली आहेत.

महापेकर

निळाई ताई, हो, अँड्रॉइडला फक्त लिंक. प्ले स्टोअरवर टाकून कोण डाउनलोड करणार?

मग वेबजीपीयू आता विसंबण्याजोगं आहे का?

निळाई

क्रोममध्ये २०२३ पासून, आवृत्ती ११३. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये २०२४ पासून, पण सगळ्या फोनांवर नाही. सफारीत आयओएस २६ बरोबर २०२५ मध्ये आलं, म्हणजे जुना आयफोन अपडेट न केलेला मेहुणा बाद. वेबजीएल २ (ओपनजीएल ईएसचा ब्राउझरमधला अवतार) सगळीकडे आहे. तुमच्या कामाला कंप्यूट शेडर लागतात का?

महापेकर

नाही. प्रकाश आधीच बेक केलेला (हिशेब करून टेक्स्चरमध्येच भरलेला) असतो. फ्लॅटमध्ये दोनेक हजार ड्रॉ कॉल, बस.

जुनी_खाट

मग संपलंच की. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ ज्या दुखण्यावर निघाले, ते तुम्हाला नाहीच. एएमडीने २०१३ मध्ये मँटल नावाचा एपीआय आणला तो हजारो-हजारो ड्रॉ कॉल एकाच सीपीयू थ्रेडवर तुंबायचे म्हणून. त्यावरच पुढे व्हल्कन उभं राहिलं, २०१६ मध्ये. दोन हजार ड्रॉ कॉलला डायरेक्टएक्स ११ झोपेत पुरतं. तुमचा वेळ जीपीयूवर जातोय की सीपीयूवर, मोजलंय का?

महापेकर

मोजलंय. सीपीयू बसून असतो. वेळ जातो तो काचेच्या रेलिंगमध्ये आणि टेक्स्चरमध्ये. आणि सेल्स ऑफिसातले पीसी बघाल तर रडाल. रिसेप्शनला लाखाचं झुंबर, पीसी मात्र कुठल्या तरी जुन्या साइटवरून उचललेला, चौथ्या पिढीचा इंटेल, वेगळं कार्ड नाही.

केदार_कोपरी

चौथी पिढी म्हणजे हॅसवेल. मग मी हात टेकले. :( विंडोजवर इंटेलचा व्हल्कन ड्रायव्हर सहाव्या पिढीपासून पुढे. डायरेक्टएक्स १२ पण इंटेलने हॅसवेलच्या ड्रायव्हरमधून सुरक्षेच्या कारणाने काढून टाकलंय. तिथे ११ च.

वागळेवाला

बघा, शेवटी कुणी ठरवलं? बिल्डरच्या जुन्या पीसीने.

खारघरी

मग तुमचं चित्र असं दिसतंय: टचस्क्रीनला डायरेक्ट३डी ११, आयपॅड आणि मॅकला मेटल, लिंकला वेबजीएल २ आणि पुढे वेबजीपीयू. हे तीन वेळा लिहू नका, एकच कोड सगळ्या एपीआयवर चालवणारी लायब्ररी घ्या. एसडीएल३ चा जीपीयू एपीआय छान आहे, पण तो व्हल्कन, डायरेक्टएक्स १२ आणि मेटलवर बसतो, म्हणजे तुमचा हॅसवेल आणि वेब दोन्ही बाद. बीजीएफएक्स किंवा सोकोल बघा. सोकोल अगदी पातळ आहे, सी मधल्या हेडर फाइली, आणि तुम्हाला हवे तेच बॅकएंड (खालचे एपीआय) त्यात आहेत. शेडर एकदा जीएलएसएलमध्ये (ओपनजीएलच्या शेडरच्या भाषेत) लिहा, त्यांचं हत्यार त्यातून डायरेक्टएक्सचं एचएलएसएल, मेटलचं आणि वेबजीपीयूचं करून देतं. ओपनजीएलमधून येणाऱ्याला परकं वाटत नाही.

केदार_कोपरी

म्हणजे व्हल्कन कुठेच नाही?! इतकं टाइप केलं मी.

निळाई

आहे की. मेहुण्याच्या अँड्रॉइडवर वेबजीपीयू चाललं तर खाली बहुधा व्हल्कनच असेल. त्याला सांगू नका म्हणजे झालं.

महापेकर

मंडळी, मनापासून आभार. चार-पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायला.

सोकोल घेतलं. टचस्क्रीनवर डायरेक्ट३डी ११ ची बिल्ड चालली, पण बाथरूममधला आरसा उलटा. वॉशबेसिन छताला! ओपनजीएलमध्ये टेक्स्चरवर रंगवताना उगम (मोजणीचा शून्य बिंदू) खाली डाव्या कोपऱ्यात, बाकीच्यांत वर डाव्या कोपऱ्यात. आमच्या जुन्या कोडने ते गृहीत धरलं होतं तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आरसा, सावल्या आणि लिफ्टच्या लॉबीतला टीव्ही. प्रोजेक्शन मॅट्रिक्सही दोन प्रकारची ठेवावी लागली. डायरेक्ट३डी आणि मेटलवर खोली उलटी धरल्यावर खिडक्यांची लुकलुक गेली आणि ओटाही परत आला. लिंकवर ती अजून थोडी आहे, पण फोनच्या पडद्यावर ती दिसायला भिंग लागेल.

आयपॅड एकदम मस्त. बिल्डरच्या मुलाने तो हातातून सोडलाच नाही.

अडलंय ते लिंकवर. एक फ्लॅट एकशे साठ एमबी. मेहुणा अर्ध्यातच बंद करतो. बहुतेक भार टेक्स्चरचा आहे, आणि आयपॅडला एएसटीसी, पीसीला बीसी (दोन्ही टेक्स्चर दाबून ठेवायचे प्रकार), असे वेगवेगळे संच ठेवावे लागतायत.

निळाई

वेगवेगळे ठेवू नका. केटीएक्स२ प्रकारच्या फाइलमध्ये बेसिस युनिव्हर्सल वापरा. एकच फाइल पाठवायची, ती उपकरणावर पोचली की तिथल्या जीपीयूला जे समजतं त्यात, एएसटीसी, ईटीसी२ किंवा बीसी, तिथल्या तिथे बदलते. भिंती, पडदे, फर्निचरच्या रंगांना त्यातला ईटीसी१एस हा प्रकार चालेल, खूप छोटं होतं. नॉर्मल मॅपला (पृष्ठभागाचा बारीक चढउतार सांगणाऱ्या टेक्स्चरला) मात्र ईटीसी१एस लावू नका, गुळगुळीत मार्बलवर ठोकळे दिसतील. तिथे यूएएसटीसी हा जास्त दर्जाचा प्रकार घ्या आणि वर झेडस्टँडर्डने दाबा. आणि आधी फक्त दिवाणखाना पाठवा, गिऱ्हाईक खाडी बघत असताना बेडरूम मागून येऊ दे.

महापेकर

दिवाणखाना आधी, हे सुचलंच नव्हतं. आजच कामाला लावतो पोरांना. मार्बलचे नॉर्मल मॅप वेगळे काढून बघतो, जमलं नाही तर परत इथेच.

मितवा

रुमाल उचलतो. ठाण्यात कट्टा ठेवा एकदा, मामलेदारची मिसळ वागळेवाल्यांकडून.

वागळेवाला

मध्यम तिखट असेल तरच.